दुसरा बर्नर

नरेंद्ररावांनी मोजपट्टी ओट्याला लावली तेव्हा चित्राबाई कणीक मळत होत्या.

"जरा सरक," ते म्हणाले.

त्या सरकल्या. पट्टी जमिनीपासून ओट्याच्या कडेपर्यंत आली, आकडा वहीत उतरला, पट्टी खट्‌कन मिटली आणि नरेंद्रराव बाहेरच्या खोलीत निघून गेले.

"काय मोजून राहिले?" चित्राबाईंनी आतूनच विचारलं.

"तुझी सोय," बाहेरून उत्तर आलं.

चित्राबाईंचा हात परातीत थांबला. कणीक पुरती मळून झाली नव्हती, पण त्यांनी तिच्यावर ताट झाकलं, हात धुतले आणि मागच्या अंगणात जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे उगीच उलटेपालटे केले. आत आल्या. पुन्हा बाहेर गेल्या. गेले अठरा दिवस हे असंच चाललं होतं. कुठे म्हणून बसवत नव्हतं. पेपर उघडला की मिटावासा वाटे, शेजारी जाऊन बसलं की उठावंसं वाटे. एकदा तर त्या गोल बाजारापर्यंत चालत गेल्या, भांड्यांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या आणि काहीच न घेता परत आल्या.

हे सगळं सुरू झालं ते कॅम्परपासून. वीज खात्यातून निवृत्त होऊन नरेंद्ररावांना तेरा वर्षं झाली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना पुन्हा गाडी चालवायचा हुरूप आला आणि त्या भरात भिलाईच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी जीपच्या मागे जोडायचा रिकामा ट्रेलर आणला. दोन चाकांवरची पत्र्याची खोलीच ती. आत दोन माणसं आडवी होतील एवढी जागा, आणि पाठीमागे वर उचलायचं झाकण. त्या झाकणाखाली स्वयंपाकघर बसवायचं होतं. शहरातच गुढियारीला दयाराम नावाचा वेल्डिंगवाला होता, त्याच्या आवारात ट्रेलर उभा होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघांनीच निघायचं, धमतरी, कांकेर करत केशकालचा घाट चढायचा आणि चित्रकोटच्या धबधब्यापाशी चार दिवस राहायचं, असं ठरलं होतं.

सगळं ठरलं, फक्त शेगडी ठरेना. आधी इंडक्शन आलं. नरेंद्ररावांनी तीन दिवस बसून हिशेब केला आणि एवढ्या विजेला लागणारी बॅटरी आपल्यापेक्षा जड होते, म्हणून इंडक्शन गेलं. मग गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी सपाट शेगडी आली. तिचे डबे कांकेरच्या पुढे मिळतील की नाही याची खात्री नाही, म्हणून तीही गेली. आता पाच किलोचं गॅसचं सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी, इथवर गाडी आली होती. सिलिंडर बाहेरच्या बाजूला जाळीत बांधायचं, वाऱ्यासाठी तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा, पाण्याचा वीस लिटरचा नळाचा डबा. नरेंद्ररावांची वही भरत चालली होती.

गंमत अशी की जायचं आधी चित्राबाईंनाच होतं. त्यांचं माहेर ब्राह्मणपाऱ्यात आणि सासर तात्यापाऱ्यात. लग्नाची वरात पायी निघाली आणि पंधरा मिनिटांत पोचली. बँडवाल्यांना वाजवायला वेळ मिळावा म्हणून वडीलधाऱ्यांनी ती मुद्दाम दोन गल्ल्या वळसा घालून नेली होती. त्या पंधरा मिनिटांच्या आत चित्राबाईंची सदुसष्ट वर्षं गेली. म्हणून ट्रेलर आला त्या दिवशी आत शिरून, पाय लांब करून, छताकडे बघत त्या बराच वेळ पडून राहिल्या होत्या. नकाशाही त्यांनीच टेबलावर पसरला होता. आणि मग झाकणाखाली एकेक वस्तू यायला लागली तसतसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. कशानं, ते त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं.

दयारामनं विचारलं तेव्हा ते कळलं.

तो गुरुवार होता. दयारामनं चष्मा कपाळावर चढवला, स्टीलची शीट दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली आणि खडू हातात घेतला. "चूल्हा एक कि दो, दीदी?"

"एक," चित्राबाई म्हणाल्या.

"दोन," नरेंद्रराव त्याच वेळी म्हणाले.

दयारामनं खडू कानावर ठेवला. "घर में फाइनल कर लो. शीट एक बार कट गई तो कट गई. और भैयाजी, पीछे वजन कम रखना. पूँछ भारी हुई तो घाट में गाड़ी नाचेगी."

"दुसऱ्या बर्नरनं काय दीड किलो वाढते," नरेंद्रराव म्हणाले, आणि मग बायकोकडे वळून, समजुतीच्या सुरात, "अगं, एकावर कुकर चढला की पोळ्या कशावर करशील?"

चित्राबाईंनी शीटवर हात ठेवला. ती उन्हानं तापली होती. हात तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या.

चित्रकोटला त्या एकदा जाऊन आल्या होत्या. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या डिसेंबरात, मेटाडोर करून, सासू-सासरे, दोन दीर, नणंद, तिची मुलं, स्वतःची चार वर्षांची लेक यामिनी अशी अकरा माणसं. बरोबर रॉकेलचे दोन स्टोव्ह होते, एक भाजीसाठी आणि एक तव्यासाठी. नदीकडून वारा इतका की स्टोव्ह विझायचा, म्हणून चित्राबाईंना गाडीच्या पलीकडच्या बाजूला बसवलं आणि वरून सतरंजी आडवी बांधून दिली. त्या घरची पद्धत अशी की पोळी तव्यावरून थेट ताटात पडायची. जेवणाऱ्यानं हात थांबवायचा नाही आणि करणारीनं उठायचं नाही. सासूबाईंनी तसंच केलं होतं, त्यांच्या सासूनंही. चौसष्ट पोळ्या लाटेपर्यंत चित्राबाईंनी धबधबा फक्त ऐकला. मध्ये यामिनी एकदा सतरंजीखालून डोकावून "मम्मी, बहुत पानी गिर रहा है" एवढं सांगून गेली. शेवटची पोळी स्वतःच्या ताटात घेतली तेव्हा सासऱ्यांनी घड्याळ दाखवलं. अंधाराच्या आत घाट उतरायचा होता. स्टोव्ह गार होईपर्यंतसुद्धा थांबता आलं नाही, तो ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याच पायाशी ठेवला होता.

अजूनही कुणी विचारलं तर त्या सांगतात, चित्रकोट पाहिलं आहे.

"दीदी?" दयाराम म्हणाला.

"एकच," चित्राबाई म्हणाल्या आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या.

घरी आल्यावर नरेंद्ररावांनी विषय काढला. रागानं नाही. ते कधी आवाज चढवणारे नव्हतेच. पोळीच्या बाबतीतसुद्धा त्यांनी पंचेचाळीस वर्षांत एकदाही डब्यातली पोळी का वाढली असं विचारलं नव्हतं. ते फक्त थांबत. ताटावर बसून, उजवा हात ताटाच्या कडेला टेकवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबत. भाजी निवायची, वरणावर साय धरायची, पण हात कडेवरून हलायचा नाही. मग चित्राबाई उठत आणि तवा ठेवत.

"मी तुझाच वेळ वाचवून राहिलो," ते वही उघडून म्हणाले. "एकावर भात, भाजी, पोळ्या, पाऊण तासाच्या ऐवजी दीड तास लागते. दोन असले की तू लवकर मोकळी. ओट्याची उंचीही घरच्यासारखी घेतली, तुले उभ्यानं करायची सवय आहे म्हणून. कंबर नाही धरणार."

चित्राबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खरंच मनापासून केलं होतं. तेच तर अवघड होतं.

"म्हणजे माझा ओटा तुम्ही गाडीच्या मागे बांधून घेऊन चालले."

"तसं नाही."

"मग कसं? इथं उभी राहते, तिथंही उभी राहीन. फक्त मागे भिंतीच्या ऐवजी जंगल राहीन."

"अगं, पण जेवायचं तर राहीनच ना. बाहेरचं मले चालत नाही, तुले माहीत आहे."

"मले माहीत आहे." त्या उठल्या, खुर्ची टेबलाखाली सरकवली, पुन्हा ओढली. "ऐका. एक बर्नर बसला तर मी येते. दोन बसले तर तुम्ही जा. सोबतीला शिशिर भाऊजींना न्या, पोळ्या लाटायला."

शिशिर भाऊजी म्हणजे धाकटे दीर, आणि त्यांना चहासुद्धा जमत नसे. नरेंद्रराव हसले. हा विनोद आहे असं त्यांना वाटलं. चित्राबाई मात्र हसल्या नव्हत्या.

संध्याकाळी यामिनीचा बिलासपूरहून फोन आला. ती आईचं मराठी ऐके आणि हिंदीतून उत्तर देई.

"मम्मी, आप भी ना. रास्ते में ढाबे हैं, खा लेना."

"तुझ्या बाबांना चालत नाही."

"तो पापा बनाएँ. यूट्यूब पर सब है." मग ती म्हणाली, "सच में नहीं जाओगी क्या?"

"मले नाही माहीत," चित्राबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता फोन घेऊन त्या घरभर फिरत राहिल्या. देवघर, माजघर, जिना, पुन्हा देवघर. यामिनीनं शेवटी विचारलंच, "आप चल क्यों रही हो इतना?"

शनिवारी सकाळी नऊ वाजता दयारामचा फोन आला. नरेंद्रराव भाजी आणायला गेले होते.

"दीदी, चूल्हे के नीचे का पल्ला किस तरफ खोलना है, दाएँ कि बाएँ? भैयाजी कल शाम को आए थे, दो का नाप दे गए. दूनो छेद कट गे हे. पल्ले का पूछा तो बोले, दीदी से पूछ लेना, खड़े तो उन्हीं को रहना है."

चित्राबाईंनी फोन ठेवला. गॅसवर वरण उकळत होतं, ते बंद केलं. पायात चपला अडकवल्या, पर्स घेतली आणि निघाल्या. दाराला कुलूप लावलं. रिक्षात बसल्यावर काय बोलायचं ते त्या मनात जुळवत होत्या आणि प्रत्येक चौकात ते बदलत होतं. आधी वाटलं, दयारामला झापावं. मग वाटलं, त्याचा काय दोष. मग वाटलं, घरी जावं, वरण पुन्हा उकळावं आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यामिनीकडे जाऊन राहावं. गुढियारी आली तेव्हा रिक्षावाल्याला दोनदा "दीदी, आ गया" म्हणावं लागलं.

शीट आता ट्रेलरच्या पाठीत बसली होती. झाकण वर उचललेलं. चित्राबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. उंची अगदी बरोबर होती, त्यांच्या कोपराच्या खाली चार बोटं, घरी असते तितकीच. दोन गोल भोकं शेजारी शेजारी. त्यांनी नकळत डाव्या भोकावर कुकर ठेवल्यासारखा हात केला आणि उजव्यावर तवा. मग दोन्ही हात मागे घेतले.

"हे बुजवता येईल का? बंद हो जाएगा क्या एक?"

"पट्टी मार देंगे, पर अच्छा नहीं दिखेगा दीदी." दयाराम अवघडला होता. "मैं समझा, घर में बात हो गई."

"नहीं हुई."

त्या ट्रेलरभोवती एक फेरी मारून आल्या. आणखी एक मारली. दयारामनं स्टूल पुढे केलं, त्या बसल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला त्या पाण्याच्या डब्यापाशी थांबल्या. डबा मागे, शेगडीच्या बाजूलाच ठेवायचा होता, नळ बाहेर. भांडी कुठे धुवायची याचा मात्र वहीत कुठे उल्लेख नव्हता. असणार कसा? त्या घरात जेवण झालं की ताट उचलून कुठे जातं ते नरेंद्ररावांनी कधी बघितलंच नव्हतं.

चित्राबाईंनी उजव्या भोकावर वीत ठेवली. एक वीत आणि तीन बोटं.

"दयाराम भैया, इसमें धोने का बर्तन बैठेगा?"

त्यानं डोकं खाजवलं, मग खाली वाकून शीटखाली बघितलं. "सिंक? हव, बैठ जाही. नीचे से पाइप निकाल देंगे बाल्टी में. पर बर्तन किनारीवाला चाहिए, नहीं तो नीचे गिर जाएगा."

त्यांनी त्याच्याकडून सुतळी मागून घेतली, भोकाच्या कडेनं फिरवली, गाठ मारली, रिक्षा करून गोल बाजारात गेल्या आणि सहा दुकानं पालथी घातली. सुतळीचं कडं हातात धरून त्या एकेका गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तोंडाला लावून बघत. दुकानदार म्हणे, खीर करायची का, किती माणसांची. त्या म्हणत, धुवायचं आहे. शेवटी जाड काठाचा, पसरट, खोलगट स्टीलचा गंज मिळाला. तासाभरात त्या गुढियारीला परत. गंज भोकात बसला तेव्हा ठण्‌ असा आवाज झाला आणि दयाराम पहिल्यांदा हसला.

"और एक काम," चित्राबाई म्हणाल्या. "यह पूरा नीचे उतारना है. इतना." त्यांनी गुडघ्याच्या जरा वर हात धरला. "स्टूल पर बैठकर बनाएगा, जो बनाएगा."

"भैयाजी नाराज होंगे."

"होंगे."

"पानी का डब्बा आगे डाल दूँ? पूँछ हल्की हो जाएगी."

"डाल दो."

घरी पोचायला दीड वाजला. नरेंद्रराव दारातच होते, हातात भाजीची पिशवी तशीच.

"फोन काहून नाही उचलला? दाराला कुलूप लावलेलं. मी शेजारी बसून होतो."

चित्राबाईंनी सगळं सांगितलं. भोक, गंज, पाईप, उंची. काही लपवलं नाही आणि काही सजवलं नाही. सांगताना त्या उभ्याच होत्या. नरेंद्ररावांनी ऐकून घेतलं. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. संध्याकाळपर्यंत ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. वही टेबलावर मिटलेली होती. चित्राबाईंना ती उघडी बघायची सवय झाली होती. मिटलेली वही बघून त्यांचं मन आणखीच सैरभैर झालं. त्यांनी कपाटातले डबे काढून पुन्हा लावले. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावले, मग नको वाटलं, तेव्हा वापराप्रमाणे लावले.

रविवारी सकाळी नरेंद्रराव चहा घेऊन जीप काढून गेले. कुठे, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

चित्राबाईंनी आठ वाजताच कणीक भिजवली. दहा पोळ्या केल्या, जरा जाड, तेल जास्त घालून. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. तवा धुतला, पुसला आणि कपाटात ठेवून दिला. मग गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली स्कूटर आली की आत येत, पुन्हा बाहेर जात. दयारामनं नरेंद्ररावांचं ऐकलं असेल का? गंज काढून पुन्हा दुसरा बर्नर बसवणं अवघड नव्हतं. एक तासाचं काम. तसं झालं तर आपण नाही म्हणायचं, एवढं ठरलं होतं. पण ठरलेलं तोंडातून निघेल का, हे मात्र ठरत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ ठरवलं होतं.

एकच्या सुमाराला जीप आली. नरेंद्रराव हातपाय धुऊन पाटाला यावं तसे टेबलापाशी आले. चित्राबाईंनी दोन ताटं वाढली होती, दोन्ही टेबलावर. भाजी, वरण, भात, लसणाची चटणी आणि मध्ये पोळ्यांचा डबा. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

नरेंद्ररावांचा उजवा हात ताटाच्या कडेला टेकला. नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आत काहीच जळत नव्हतं.

चित्राबाईंनी डबा उघडला, एक पोळी घेतली, घास मोडला आणि जेवायला लागल्या. बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याची पीप पीप संपली. भाजीवरची वाफ गेली.

"त्या गंजाचा पाईप दयारामनं उलटा लावला होता," नरेंद्रराव म्हणाले. "पाणी मागे आलं असतं. उतार देऊन घेतला."

चित्राबाईंनी मान वर केली नाही. "आणि शेगडी?"

"एक." मग ते म्हणाले, "स्टुलावर बसून बघितलं मी. गुडघे दुखतात. पण बसता येते."

मग त्यांनी डब्यात हात घातला. पोळी काढली, हातात घेऊन वजन करावं तशी जरा धरली, चटणी लावून गुंडाळली आणि खाल्ली. चावायला वेळ लागला. दुसरी घेतली.

"चामट आहे," ते म्हणाले.

"असते."

"किती दिवस टिकतात?"

"तेल-तिखट घालून केल्या तर तीन."

"आणि चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिवशी भात. भात तुम्ही लावाल."

"मले पाण्याचं माप नाही माहीत."

"बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत. तेवढं वहीत लिहून ठेवा."

नरेंद्ररावांनी डाव्या हातानं वही ओढली, उघडली, पेन शोधलं. लिहिता लिहिता विचारलं, "आणि त्या गंजात भांडी कोण घासणार?"

"भात लावणारा नाही. तेवढी सूट."

ते काहीतरी पुटपुटले. चित्राबाईंनी दुसरी पोळी घेतली. पाय मात्र टेबलाखाली हलतच होते, आणि जेवण अर्धं व्हायच्या आत त्या उठल्या. आतल्या खोलीत गेल्या, माळ्याकडे बघून परत आल्या.

"आता काय?" नरेंद्ररावांनी विचारलं.

"जेवण झालं की माझी बॅग काढून द्या वरून. निळी. स्टूल मी धरते."